कावागुचिकोचं घर, १३ माणसं आणि ३,७३,२०० येन

३,७३,२०० येन. जपानमधल्या भाड्याच्या घराच्या खोट्या जाहिरातीला भुलून आम्ही एवढे गमावले. आमच्या बँकेच्या दराने २,१४,४५६ रुपये, वर दोन वेळचे चार्जेस १,१८० प्रमाणे २,३६०. एकूण २,१६,८१६. आमच्या घरात हा आकडा कुणी मोठ्याने उच्चारत नाही. मी तो इथे मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहिते आहे, कारण जपानला ग्रुपने जायचं ठरवून मोठं घर शोधणारे खूप जण आहेत आणि त्यांच्यापैकी कुणाला तरी आत्ता या क्षणी त्या भामट्याचा तसाच गोड मेसेज आलेला असणार.

आम्ही चार कुटुंबं, १३ माणसं. सगळ्यात मोठ्या सासूबाई, वय ७६. सगळ्यात लहान माझा भाचा, वय पाच. एप्रिल २०२५. आधी ओसाकाला एक्स्पो, जे १३ एप्रिलला सुरू झालं, आणि मग १६ ते २० एप्रिल फुजी पर्वताच्या पायथ्याशी कावागुचिको, हे तळ्याकाठचं गाव. टोकियोतली साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, तोवर झडून गेलेली असते, पण तळ्याकाठी उंचीमुळे ती एप्रिलच्या मध्यावर असते. तारखा त्यासाठीच निवडल्या होत्या.

हॉटेल का नाही घेतलं, हे सगळे विचारतात. जपानमधल्या हॉटेलच्या खोल्या किती लहान असतात ते जाऊन आलेल्यांना विचारा. तीन माणसांची खोली मिळणं मुश्कील, चौघांची तर विचारूच नका. १३ जणांना सहा-सात खोल्या लागल्या असत्या, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर. शिवाय सासूबाई कट्टर शाकाहारी. तिथे साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, भाजीतसुद्धा दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं तर रोज वरण-भात तरी होईल, एवढा साधा विचार होता. हौस म्हणून राजवाडा शोधायला निघाले नव्हते मी.

घर एका नावाजलेल्या बुकिंग साइटवर दिसलं. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, चार खोल्या, लांबलचक जेवणाचं टेबल, खिडकीत फुजी. एका रात्रीचे ९८,००० येन. त्या आठवड्यात एवढ्या माणसांची बाकीची घरं १,३०,००० च्या पुढेच होती. म्हणजे हे स्वस्त होतं, पण संशय यावा इतकं स्वस्त नव्हतं. हे फसवणारे लोक दर असाच बेतून लावतात. मी पत्ता नकाशावर टाकून पाहिला, रस्त्यावरून घर पाहिलं, छप्पर आणि फाटक फोटोंशी जुळवलं. घर खरंच तिथे होतं. आता सांगा, यापेक्षा जास्त एखादी बाई नाशिकमध्ये बसून काय तपासणार?

तपासायला हवं होतं ते वेगळंच. ते पुढे सांगते.

दोन दिवस साइटवर घरमालक म्हणवणाऱ्याशी बोलणं झालं आणि मग तो म्हणाला, व्हॉट्सॲपवर या, साइट कमिशन खाते, थेट पैसे दिलेत तर १५ टक्के कमी करतो. चार रात्रींचे ३,९२,००० होत होते, ते ३,३३,२०० वर आले. वर ४०,००० अनामत, जाताना परत. मला यात काहीच वावगं वाटलं नाही. दिवेआगर, गुहागरला आम्ही दहा वर्षं घरं अशीच ठरवतो आहोत. फोन करायचा, ॲडव्हान्स पाठवायचा, जाऊन राहायचं. कुणी कधी फसवलं नाही. पण कोकणातल्या त्या काकांना ओळखणारं कुणी ना कुणी आपल्या ओळखीचं असतं. इथे कोण होतं?

साइट सोडून बाहेर आलात की तुम्ही एकटे. नंतर साइटने मला हेच लिहून पाठवलं, दोन ओळींत, आणि खाली 'तुमचा अनुभव कसा होता' म्हणून चांदण्या द्यायला सांगितल्या.

२४ जानेवारीला १,००,००० येन पाठवले, ५६,००० रुपये. ११ मार्चला उरलेले २,३३,२०० आणि अनामतीचे ४०,००० मिळून २,७३,२०० येन, म्हणजे १,५८,४५६ रुपये. खातं जपानमधल्या बँकेतलं, पण नाव दुसऱ्याच कुणाचं. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं आहे. आपल्याकडे दुकान नवऱ्याचं आणि खातं बायकोचं असतंच की. मी मान डोलावली. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका. बायको असो, भाऊ असो, मॅनेजर असो, नाही म्हणजे नाही.

आणि आता तो क्षण. ११ मार्चची दुपार. मी बँकेत जायला निघाले होते आणि धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, या फुजीवाल्याने आपले पासपोर्ट नाही मागितले? ओसाकावाल्याने तर तेराच्या तेरा मागून घेतले."

खरंच होतं. ओसाकाच्या घरमालकाने आम्हाला नुसतं सतावलं होतं. प्रत्येकाचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट नंबर, पासपोर्टच्या पानाचा फोटो. भाच्याच्या पासपोर्टचा फोटो अंधुक आला तर पुन्हा मागितला. मी वैतागून गेले होते. आणि हा कावागुचिकोवाला किती सोज्वळ! काहीच विचारत नव्हता. उलट फुलं कधी उमलतील, आजींना जिने चढता येतील का, असली चौकशी करायचा. मी जावेला म्हणाले, "अगं, ओसाकावाला उगाच किचकट माणूस आहे. हा बघ किती साधा." आणि पर्स उचलून बाहेर पडले.

उलट होतं सगळं. जपानमध्ये कायदेशीर घरमालकाला परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत घ्यावीच लागते. काही जण ती पोचल्यावर घेतात, पण जो पासपोर्टचं नावही काढत नाही, त्याच्याबाबत सावध व्हायला हवं. जावेचा तो प्रश्न मी रोज ऐकते. १,५८,४५६ रुपये त्या दुपारी वाचले असते. ती आजवर एका शब्दाने बोललेली नाही, आणि त्याचंच जास्त लागतं.

दुसरी गोष्ट नंबरची. १५ जून २०१८ पासून तिथे घरगुती निवासाचा नवा कायदा आहे. घर भाड्याने द्यायचं तर नोंदणी लागते आणि जाहिरातीत नंबर द्यावा लागतो. इंग्रजी एम आणि पुढे नऊ आकडे. त्याने मला नंबर दिला होता आणि मी समाधानाने वहीत लिहून ठेवला. एम १३ पासून सुरू होणारा. त्यातले पहिले दोन आकडे प्रांताचे असतात. १३ म्हणजे टोकियो. कावागुचिको यामानाशी प्रांतात येतं, त्याचा १९. मी हिशेब तपासनीस आहे. पंधरा वर्षं लोकांची बिलं तपासते, आणि जीएसटी आल्यापासून त्यांवरचे जीएसटी नंबरही. पहिले दोन आकडे २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि हा नंबर मी नुसता उतरवून घेतला. नंबर नसेल तर घर घेऊ नका, आणि असेल तर तो कुठल्या प्रांताचा आहे ते बघा. हॉटेलच्या कायद्याखाली परवाना असलेल्या घरांना असा नंबर नसतो, तेव्हा त्यांच्याकडून परवान्याचा तपशील मागा.

घरगुती निवासाच्या त्या नव्या कायद्याने नोंदणीची घरं वर्षात जास्तीत जास्त १८० दिवस देता येतात. म्हणजे खऱ्या मालकाला मोजून दिवस मिळतात. तो साकुराच्या ऐन आठवड्यात, न मागता १५ टक्के सूट कशाला देईल? हे आज कळतं.

व्हिसाच्या अर्जात मी हाच पत्ता दिला होता. व्हिसा आला, तेव्हा मनाशी म्हटलं, चला, पत्त्यावर शिक्कामोर्तब झालं. तसं काही नसतं. व्हिसा मिळाला म्हणून घर खरं ठरत नाही.

१६ एप्रिलला संध्याकाळी सव्वापाचला आम्ही फाटकापाशी उभे. घर तेच, छप्पर तेच. आत दिवे लागलेले. बेल वाजवली तर एक तैवानी कुटुंब बाहेर आलं, आजी-आजोबा, मुलं. त्यांचं बुकिंग खरं होतं, दुसऱ्या साइटवरून केलेलं. मालकाकडची एक बाई वीस मिनिटांत आली आणि मी काही बोलायच्या आत तिने फाटकाशेजारच्या सरकारी पाटीवर बोट ठेवलं. एम १९ पासून सुरू होणारा नंबर. मी माझी वही पुढे केली. तिने वही पाहिली, पाटी पाहिली आणि मला वाकून नमस्कार केला. चूक तिची नव्हती. त्या चोराने त्या घराचे फोटो उचलून खोटी जाहिरात लावली होती. व्हॉट्सॲपवरचं खातं तोवर गायब. किल्लीच्या पेटीचा कोड आदल्या दिवशी पाठवणार होता, तो आलाच नव्हता. मी समजत होते, प्रवासात नेट नसेल.

आणि सामान! ओसाकाहून सात बॅगा आम्ही कुरिअरने त्या पत्त्यावर पुढे पाठवल्या होत्या. तिथे सगळेच तसं करतात, सोय आहे. तिने त्या आमच्या नावाच्या पाहुण्यांची नोंद नाही म्हणून परत लावल्या होत्या. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या त्यातल्या एका बॅगेत. सामान पुढे पाठवा, पण औषधं अंगावरच्या पिशवीतच हवीत. बॅगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेपोतून मिळाल्या. त्या रात्री गार वाऱ्यात ७६ वर्षांची बाई फाटकाबाहेरच्या दगडावर बसली होती आणि मला म्हणत होती, "तू नको गं रडू." ते मला विसरता येणार नाही.

तळ्याकाठी एक खोली शिल्लक नव्हती. त्या बाईनेच फोन करकरून दोन ठिकाणी मिळून पाच खोल्या मिळवून दिल्या, त्याही तासाभराच्या अंतरावर कोफू शहरात. चार रात्रींचे ४,१८,६०० येन झाले. क्रेडिट कार्डावर मार्कअपसकट, म्हणजे परकीय चलनाचं शुल्क धरून, २,५९,७३० रुपये. हेच कार्ड मी आधी साइटवर वापरलं असतं, तर निदान तक्रार लावून पैसे मागता आले असते. बँकेतून परदेशी पाठवलेला पैसा म्हणजे नदीत टाकलेलं नाणं.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याविषयी.

तिथल्या पोलीस चौकीतला अधिकारी अतिशय सभ्य होता. मोबाइलवर भाषांतर करत दोन तास सगळं लिहून घेतलं, चहा दिला. आणि शेवटी सांगितलं की पैसे भारतातून गेले, तेव्हा तक्रार भारतात करा.

मी बँकेला तिथूनच मेल केला. उत्तर आलं: शाखेत या, सहीचं पत्र द्या. मी परदेशात आहे, हे त्यांना मेलमध्ये लिहिलेलंच होतं. २२ एप्रिलला परत आले ती तशीच शाखेत गेले. पाठवताना याच लोकांनी माझ्याकडून परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म, पॅन, पैसे पाठवण्याचं कारण, तीन ठिकाणी सह्या घेतल्या होत्या. सगळी चौकशी माझी. ज्याच्या खात्यात चालले होते त्याच्याविषयी एक प्रश्न नाही. आता म्हणाले, रिकॉल, म्हणजे पैसे परत मागवण्याची विनंती, पाठवतो. ९ मेला उत्तर आलं: पैसे परत करायला खातेदाराची संमती लागेल. चोराची संमती! मी काउंटरवर आवाज चढवला, हे मान्य करते. मॅनेजरने सुरक्षारक्षकाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हे बँकेत कुणी आपणहून सांगत नाही.

पोलीस ठाण्यात चार खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "गुन्हा जपानात घडला, आमची हद्द नाही." मी घरी वाचून गेले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. आणि फसवणुकीचे मेसेज मला नाशिकमध्ये आले, पैसे नाशिकमधून गेले, मग घटनास्थळ जपान कसं? हे बोलले तर हवालदार म्हणाले, "ताई, तुम्ही वकील आहात का?" तिसऱ्या खेपेला एकाने विचारलं, "एवढ्या लांब कशाला गेलात फिरायला?" जणू लांब जाणं हाच गुन्हा होता. चौथ्या खेपेला अर्ज घेतला आणि पोच दिली. एफआयआर आजतागायत नाही. तुमच्यावर वेळ आली तर कलम छापून न्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि भारतात असाल तर सगळ्यात आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात नंतर जा. गेलेला पैसा पहिल्या काही तासांतच अडवता येतो.

जावेचा मामेभाऊ टोकियोत नोकरी करतो. त्याने सांगितलं की जपानमध्ये २००८ पासून एक कायदा आहे. फसवणुकीला वापरलेलं खातं गोठवतात आणि त्यात उरलेली रक्कम फसलेल्यांना वाटतात. हे मला चौकीत सांगितलं नाही, बँकेत सांगितलं नाही. त्याने माझ्या वतीने तिथल्या बँकेला कागद पाठवले, तीनदा फोन केले. खातं गोठवलं गेलं. सप्टेंबरमध्ये जाहीर यादीत ते दिसलं, पुढे शिल्लक छापलेली: ६१४ येन. आणि शिल्लक १,००० येनपेक्षा कमी असेल तर त्या कायद्याने वाटप होत नाही.

पैसे मी सगळ्यांचे परत केले. प्रत्येकी १६,६७८ रुपये. धाकट्या दिरांनी घेतले नाहीत, नणंदेने घेतले. दोघांचंही बरोबरच आहे. घर मी ठरवलं होतं.

मागच्या आठवड्यात तेच फोटो मला पुन्हा दिसले. नाव बदललंय, दर ८९,०००, पुढच्या एप्रिलच्या तारखा खुल्या. मी साइटला कळवलं, चार दिवस झाले, जाहिरात आहे तिथेच आहे. म्हणून खुणा लिहून ठेवते: लांब जेवणाचं टेबल, भिंतीवर निळा पंखा, उजव्या खिडकीत फुजी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तो विचारेल, "तुमच्यासोबत वयस्कर कुणी आहे का? जिने आहेत म्हणून विचारतो." आणि त्याच्या पुढच्याच मेसेजमध्ये व्हॉट्सॲप नंबर असेल.