वॉरफरिन की अपिक्साबान?

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं, पक्षाघात टाळायला रक्त पातळ करणारी गोळी लागणार. जुनी वॉरफरिन घ्यावी की नवी अपिक्साबान, असं वहिनींनी विचारलं.

खर्च: वॉरफरिन स्वस्त, अपिक्साबान महाग. पण वॉरफरिनबरोबर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासणी आणि लॅबच्या खेपा येतात. आकडा साधारण 2 ते 3 मध्ये हवा. मेथी-पालकातलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा परिणाम कमी करतं, पण ते सोडायची गरज नाही, प्रमाण सारखं ठेवा. या आठवड्यात रोज मेथी आणि पुढच्यात अजिबात नाही, की आकडा हललाच. अँटिबायोटिकनेही हलतो. (काढे घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.)

अपिक्साबानला हा व्याप नाही, अधूनमधून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) पाहिलं की झालं. मात्र गोळी दिवसातून दोनदा, आणि चुकली तर संरक्षण लवकर उतरतं. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका तिच्यात कमी. माझ्या लेखी हाच मुद्दा सगळ्यात जड.

हृदयात धातूची झडप बसवलेली असेल किंवा संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तर वॉरफरिनच. बाकी बहुतेकांना, विशेषतः लॅब लांब असेल, गोळ्या वेळेवर घेतल्या जात असतील आणि खर्च झेपत असेल तर अपिक्साबान.