१२ डिसेंबरचं मत: ब्रेक्झिटच्या कोंडीतून बाहेर पडायच्या वाटा शेजारी शेजारी ठेवून

लंडन, २५ नोव्हेंबर २०१९

भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना अजून खरं वाटत नाही, पण १२ डिसेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्याला मत आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचं नागरिकत्व, अठरा वर्षं पूर्ण आणि इथे राहण्याचा वैध परवाना, एवढं पुरतं. ब्रेक्झिटवरच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं का यावरच्या २०१६ च्या सार्वमतातही आपल्याला मत होतं. यादीत नाव घालायची मुदत उद्या मध्यरात्री संपते, म्हणून हे आजच लिहितोय.

दुसरंही एक कारण आहे. स्विंडनला माझ्या ओळखीचं एक गोव्याचं कुटुंब राहतं, पेडण्याकडचं. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, त्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं आणि त्या जोरावर ते इथे आले. दहा वर्षांहून जास्त काळ ते इथे राबतायत, कर भरतायत. त्यांना या निवडणुकीत मत नाही, सार्वमतातही नव्हतं. युरोपीय संघाच्या नागरिकांपैकी संसदेसाठी मत देता येतं ते फक्त आयरिश, माल्टीज आणि सायप्रसवाल्यांना. मी कामाच्या व्हिसावर तीन वर्षांपूर्वी आलो आणि मला मत आहे. ज्यांच्या राहण्याच्या हक्काचाच निकाल लागायचा आहे त्यांच्या हातात काही नाही, आणि माझ्या हातात एक मतपत्रिका आहे. ती विचार न करता टाकणं मला जमणार नाही.

आधी हे गाडं अडलं कुठे ते पाहू, कारण पर्यायांची खरी किंमत तिथेच कळते.

सार्वमतात १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडायला मत दिलं, १ कोटी ६१ लाखांनी राहायला. पण बाहेर पडून कुठे जायचं, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी बाहेर पडण्याच्या अटींचा करार आणला तेव्हा तो २०१९ च्या १५ जानेवारीला २०२ विरुद्ध ४३२ असा पडला. २३० मतांनी! मार्चमध्ये दोनदा पुन्हा पडला, १४९ आणि मग ५८ मतांनी. मधल्या काळात सभागृहाने कराराविना बाहेर पडायलाही नकार दिला. मग खासदारांनी कामकाज स्वतःच्या हातात घेतलं आणि २७ मार्चला आठ पर्यायांवर मतं नोंदवली. आठही पडले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १ एप्रिलची रात्र. त्यातून निवडलेल्या चार पर्यायांवर पुन्हा मतदान झालं. युरोपशी कस्टम्स युनियन (आपसात जकात नाही, बाहेरच्यांना एकच जकात) ठेवायची, हा केनेथ क्लार्क यांचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा पडला. तीन मतांनी. कोणताही करार जनतेपुढे मंजुरीला ठेवायचा, हा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ असा पडला. नॉर्वेच्या धर्तीवर संघाबाहेर पडूनही युरोपच्या एकल बाजारपेठेत (माल, सेवा, माणसं आणि पैसा यांची मोकळी ये-जा) राहायचं, हा निक बोल्स यांचा प्रस्ताव २६१ विरुद्ध २८२. बोल्स यांनी त्याच रात्री सभागृहात उभं राहून आपला हुजूरपक्ष (कॉन्झर्व्हेटिव्ह) सोडला. संघात राहायचं की कराराविना जायचं अशी वेळ आलीच तर बाहेर पडण्यातूनच माघार घ्यावी, हा चौथा प्रस्ताव १९१ मतांवर थांबला.

यादी नीट पाहिली तर दिसतं की कस्टम्स युनियनसारख्या मधल्या वाटेला बहुमत मिळणं अशक्य नव्हतं. ज्यांना दुसरं सार्वमत हवं होतं, त्यांच्यातल्या काहींनी कस्टम्स युनियनच्या विरोधात मत दिलं आणि काही तटस्थ राहिले. मधली वाट मंजूर झाली तर आपली वाट बंद होईल, ही भीती. तिकडे कडवे ब्रेक्झिटवाले मे यांचा करार पाडत राहिले, त्याहून कडक काहीतरी मिळेल या आशेवर. प्रत्येक गटाने आपली पहिली पसंती धरून ठेवली आणि दुसऱ्या पसंतीला मत द्यायला जवळजवळ कोणीच तयार नव्हतं. पुढे मे यांच्या जागी बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले, संसद संस्थगित झाली, २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं, नवा करार आला, ३१ ऑक्टोबरची तारीख ३१ जानेवारीवर गेली. कोंडी मात्र तीच राहिली.

म्हणून एक विनंती. कोणता पर्याय लवकर संपतो एवढंच बघू नका. प्रत्येक पर्याय कोणता प्रश्न शिल्लक ठेवतो ते बघा.

जॉन्सन यांचा करार

हुजूरपक्षाचं म्हणणं सोपं आहे: बहुमत द्या, ३१ जानेवारीला बाहेर पडतो. हे होऊ शकतं. या कराराचं विधेयक २२ ऑक्टोबरला ३२९ विरुद्ध २९९ असं दुसऱ्या वाचनात मंजूर झालं होतं. इतक्या दिवसांत तत्त्वतः होकार मिळालेला हा पहिलाच ठोस मसुदा. अडलं ते वेळापत्रकावर. तीन दिवसांत सगळं उरकायला सभागृहाने नकार दिला. माझ्या मते योग्यच केलं.

मे यांच्या कराराशी तुलना केली तर बराचसा मजकूर तोच आहे. देणी, नागरिकांचे हक्क, संक्रमणकाळ (बाहेर पडल्यावरही काही काळ जुने नियम चालू ठेवायची मुदत), सगळं जवळपास तसंच. बदललं ते आयर्लंड. त्या बेटावर युनायटेड किंग्डममधला उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयरिश प्रजासत्ताक यांच्यातली सरहद्द सुमारे पाचशे किलोमीटर लांब आहे. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथल्या चौक्या गेल्या आणि आज ती ओलांडताना रस्त्यावर फारसं काही दिसतही नाही. ती तशीच ठेवायची तर मालाची तपासणी कुठेतरी दुसरीकडे हवी. मे यांचं उत्तर होतं बॅकस्टॉप: दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळं युनायटेड किंग्डम युरोपशी एकाच जकात क्षेत्रात. त्यातून एकतर्फी बाहेर पडता येत नव्हतं, आणि त्यावरच तो करार बुडाला. जॉन्सन यांनी सगळ्या देशाऐवजी फक्त उत्तर आयर्लंडला युरोपच्या जकातीच्या आणि मालाच्या नियमांत ठेवलं. म्हणजे तपासणी आयरिश समुद्रावर आली. उत्तर आयर्लंडच्या स्टॉरमाँट इथल्या विधानसभेला चार वर्षांनी ही व्यवस्था पुढे चालवायची की नाही, यावर मत देता येईल. अशी व्यवस्था कोणतंही हुजूरपक्षाचं सरकार मान्य करू शकत नाही, असं जॉन्सन यांनीच गेल्या नोव्हेंबरात बेलफास्टमध्ये डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटनवादी पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं होतं. डीयूपी आज त्यांच्या विरोधात का आहे, हे त्यावरून समजावं.

शिल्लक काय राहतं? मुख्य गोष्टच. हा करार फक्त निरोपाचा आहे. पुढचा व्यापार कसा चालेल याबद्दल त्याच्यासोबत एक राजकीय घोषणापत्र आहे आणि ते बंधनकारक नाही. संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपतो. करारात तो एक-दोन वर्षं वाढवायची सोय आहे, पण काल आलेल्या जाहीरनाम्यात हुजूरपक्षाने वाढवणार नाही असं लिहून दिलंय. म्हणजे व्यापार करारासाठी अकरा महिने. कॅनडा आणि युरोपच्या वाटाघाटी २००९ मध्ये सुरू झाल्या आणि सही २०१६ मध्ये झाली. ३१ जानेवारीला ब्रेक्झिट संपेल असं समजून मत देणाऱ्याने पुढच्या डिसेंबरचाही विचार करावा.

मजूरपक्षाची वाट

तीन महिन्यांत नवा करार, त्यात कायमची कस्टम्स युनियन आणि एकल बाजारपेठेशी जवळचं नातं. सहा महिन्यांच्या आत सार्वमत: हा करार किंवा संघात राहणं. १ एप्रिलला थोडक्यात पडलेले दोन प्रस्ताव एकत्र जोडले तर जवळपास हेच तयार होतं, आणि म्हणून मला ही वाट कागदावर सर्वांत शहाणी वाटते. २०१६ मध्ये लोकांसमोर एक इच्छा होती आणि तिचा मसुदा नव्हता. या वेळी दोन्ही बाजूंना मसुदा असेल.

अडचणी खऱ्या आहेत. सार्वमतात आपण तटस्थ राहू असं पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी शुक्रवारी सांगितलं. ज्या कराराच्या वाटाघाटी तुम्ही करणार, त्याची बाजू मतदारासमोर घेणार नाही, हे मला पटत नाही. तीन महिन्यांत ब्रसेल्सकडून, म्हणजे युरोपीय संघाकडून, करार आणणंही सोपं नाही, पण इथे मागणी ब्रसेल्सला आवडेल अशीच आहे. कस्टम्स युनियनमध्ये राहिलं तर ब्रिटनला मालाच्या व्यापारासाठी भारताशी स्वतःचा स्वतंत्र करार करता येणार नाही. ज्यांचा आयात-निर्यातीचा धंदा आहे त्यांनी हे मोजावं. इंग्लिश खाडीवरच्या डोव्हरच्या बंदरात तपासणीसाठी ट्रक न थांबण्याची ती किंमत आहे.

लिबरल डेमोक्रॅट: सरळ माघार

बहुमत मिळालं तर संघातून बाहेर पडण्याची कलम ५० खालची नोटीस मागे घेणार, सार्वमताशिवाय. कायद्याने हे शक्य आहे. एकतर्फी माघार घेता येते असा निकाल युरोपीय न्यायालयाने गेल्या डिसेंबरात दिला. साठ लाखांहून जास्त लोकांनी तशा मागणीच्या याचिकेवर सह्याही केल्या. तरी मला ही वाट मान्य नाही. इथल्या निवडणूक पद्धतीत चाळीस टक्क्यांच्या आत मतं मिळूनही बहुमत होऊ शकतं. पावणेदोन कोटी लोकांनी दिलेलं उत्तर तेवढ्यावर पुसलं तर त्यांच्या मनातली फसवणुकीची भावना पिढीभर राहील. लिबरल डेमोक्रॅटना बहुमत मिळणं कठीणच आहे, आणि ते मिळालं नाही तर ते दुसऱ्या सार्वमताच्या बाजूने उभे राहतील. स्कॉटिश नॅशनल पक्षही सार्वमताच्याच बाजूने आहे. स्कॉटलंडने ६२ टक्के मतं राहायला दिली होती.

कराराविना बाहेर पडणं यावर फार लिहीत नाही. सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या सरकारच्याच ‘यलोहॅमर’ कागदपत्रात खाडी ओलांडायला ट्रकना दीड ते अडीच दिवस खोळंबावं लागेल असा अंदाज आहे आणि औषधांच्या पुरवठ्याची काळजी स्पष्ट लिहिली आहे. घरात इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर तेवढं वाचून निर्णय होतो.

आपल्या घरापर्यंत काय येतं

व्हिसाचा मुद्दा आधी बाजूला काढतो, कारण त्यावरून आपल्या लोकांत सर्वांत जास्त गैरसमज आहे. २०१६ मध्ये सांगितलं जात होतं की युरोपीय लोक कमी आले की भारतातून, बांगलादेशातून आचाऱ्यांना सहज येता येईल. भारतीयांचा व्हिसा लंडनच ठरवतं, ब्रसेल्स नाही. संघात असतानाही तेच ठरवत होतं. शिक्षणानंतर दोन वर्षं काम करायची सवलत सप्टेंबरमध्ये परत जाहीर झाली, ती ब्रेक्झिट न होताच. तेव्हा केवळ आपल्या व्हिसासाठी करार किंवा माघार निवडू नका.

स्विंडनच्या कुटुंबाला मात्र थेट फरक पडतो. जॉन्सन यांच्या करारात त्यांचे हक्क आंतरराष्ट्रीय तहात बांधले जातात, पण त्यांना अर्ज करून ‘सेटल्ड स्टेटस’, म्हणजे इथे कायम राहण्याचा दर्जा, मिळवावं लागेल. मुदत जून २०२१ पर्यंत. कराराविना बाहेर पडलो तर मुदत पुढच्या डिसेंबरात संपेल आणि पाठीशी तह नसेल. मजूरपक्ष म्हणतो, हक्क आपोआप मिळेल, मागावा लागणार नाही. हा फरक कागदी वाटत असेल तर गेल्या वर्षीचं विंडरश प्रकरण आठवा. कायद्याने इथलीच असलेली माणसं, लहानपणी कॅरिबियनमधून आलेली, हातात पुरावा नाही म्हणून नोकऱ्या गमावून बसली, काहींना देशाबाहेर पाठवलं गेलं. पंचाहत्तरीच्या आजीने मोबाइलवर पासपोर्ट स्कॅन करून अर्ज भरायचा, आणि मुदत हुकली तर काय, हा प्रश्न त्या घरात रोज आहे.

मग कोणी काय निवडावं? आयुष्यातली अनिश्चितता लवकर निदान एक पायरी पुढे सरकावी, धंद्याला एक तारीख मिळावी, हे ज्यांना सर्वांत महत्त्वाचं आहे, त्यांच्यासाठी जॉन्सन यांचा करार प्रामाणिक निवड आहे. फक्त अकरा महिन्यांचा धोका डोळसपणे घ्यावा. २०१६ चं उत्तर आता मसुदा समोर ठेवून पुन्हा विचारावं असं वाटत असेल, तर सार्वमताच्या बाजूचा आणि तुमच्या मतदारसंघात निवडून येऊ शकेल असा उमेदवार शोधा. मी तसंच करणार आहे. मला आणखी सहा-आठ महिने थांबायला चालेल.

इथे पक्षाइतकाच मतदारसंघ बघावा लागतो. ब्रेक्झिट पार्टीने हुजूरपक्षाने जिंकलेल्या ३१७ जागा लढवायच्या नाहीत असं ठरवलंय, त्यामुळे त्या जागांवर एका बाजूची मतं एकत्र येतील. दुसऱ्या बाजूची दोन-तीन पक्षांत फुटतील. तुमचे मावळते खासदार पुन्हा उभे असतील तर १ एप्रिलला त्यांनी कशाला मत दिलं ते संसदेच्या संकेतस्थळावर नावासकट आहे. भाषणांपेक्षा तो तक्ता बघा. पुन्हा त्रिशंकू सभागृह आलं तर हीच माणसं पुन्हा त्याच मतदानाला उभी राहणार, आणि तेव्हा दुसऱ्या पसंतीवर यायची तयारी असलेला खासदार कोणत्याही पक्षाचा असो, मोलाचा ठरेल.

नोंदणीला पाच मिनिटं लागतात. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. त्या दिवशी गावाला असाल तर टपाली मताचा अर्ज उद्या संध्याकाळी पाचच्या आत पोचायला हवा. मतदान सकाळी सात ते रात्री दहा. मतदारकार्ड घरी राहिलं तरी मत देता येतं.

काल स्विंडनहून काकूंचा फोन होता. त्यांनी कोणाला मत दे असं सांगितलं नाही. यादीत नाव आहे ना, एवढंच विचारलं, आणि माझ्या दोन्ही फ्लॅटमेटचंही आहे का ते. एकाचं नव्हतं. आज रात्री त्याला बसवून भरून घेतोय.