ॲक्टिव्हाला बाजूची चाके: घरी बसवलेल्या किटचा सहा महिन्यांनंतरचा हिशेब

माझ्या थोरल्या बहिणीचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओमुळे अधू आहे आणि गेली तीस वर्षे ती बाजूला चाके लावलेल्या गाडीवरूनच शाळेत शिकवायला जाते. तिची पहिली गाडी कायनेटिक होंडा होती. 1984 साली बाजारात आलेल्या त्या स्कूटरला गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू होई, त्यामुळे पायाने अधू असलेल्या कित्येकांना तिनेच पहिल्यांदा घराबाहेर काढले. ती गाडी अखेर भंगारात गेल्यावर अक्कासाठी ॲक्टिव्हा 6जी घेतली आणि तिला लावायचे साइड व्हीलचे किट एका कारखानदाराकडून साडेतेरा हजार रुपयांना मागवले. 'साधी हत्यारे वापरून घरच्या घरी दोन तासांत बसते' असे विक्रेत्याने सांगितले होते. प्रत्यक्षात आम्हाला दोन रविवार लागले. किट वाईट नाही, मात्र विक्रेता जे विकतो ते केवळ लोखंड असते आणि त्या लोखंडाची गाडी करण्याचे बहुतेक काम विकत घेणाऱ्यावर पडते. हे त्याने आधीच सांगितले असते तर माझी तक्रार निम्म्याने कमी झाली असती.

एक खुलासा आधीच करतो. लोक या गाडीला तीनचाकी म्हणतात, पण रस्त्यावर तिची चार चाके टेकतात, कारण मूळचे मागचे चाक जागेवरच राहते, गाडी तेच ओढते आणि नवी दोन चाके केवळ तोल सांभाळतात. मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा आस बसवणे हे खरे तीनचाकी रूपांतर होय. सौराष्ट्रातली बुलेटच्या धाटणीची 'छकडा' ही तीनचाकी किंवा 1932 ते 1973 या काळात हार्ले डेव्हिडसनने बनवलेली सर्व्हिकार ही त्याची उदाहरणे आहेत. अशा आसाला डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी जोडणी, लागते, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. ॲक्टिव्हात इंजिन, पट्टा आणि मागचे चाक मिळून एकच हलता भाग असल्याने असे रूपांतर घरी करण्याचा विचारही करू नये.

किटच्या खोक्यात एक आडवा जाड पाइप, स्प्रिंग असलेल्या दोन बाह्या, दहा इंची दोन चाके, मडगार्ड, यू-क्लॅम्प आणि नटबोल्टची पिशवी एवढे सामान होते. चाके दहा इंची असणे ही या किटची सर्वांत शहाणपणाची बाब आहे, कारण ॲक्टिव्हाचे मागचे चाकही दहा इंची असल्याने टायर आणि ट्यूब कोपऱ्यावरच्या कोणत्याही दुकानात मिळते. पाइपचे वेल्डिंग एकसारखे होते आणि रंगही बरा होता. बोल्ट मात्र पाहताक्षणी खटकले. त्यांच्या माथ्यावर ताकदीचा कोणताही आकडा नव्हता. ज्या जोडावर माणसाचे आणि गाडीचे वजन झोके घेणार आहे तिथे किमान 8.8 दर्जाचे बोल्ट आणि आपोआप सैल न होणारे नायलॉक नट हवेत. मी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या दुकानातून साडेतीनशे रुपयांत सगळा संच बदलून आणला. साडेतेरा हजारांची वस्तू विकणाऱ्याने एवढी काटकसर का करावी, हे मला अजून कळलेले नाही.

डाव्या क्लॅम्पची भोके चासीशी चार मिलिमीटरने जुळत नव्हती. शेजारच्या मेकॅनिकने 'दोन टाके वेल्डिंग मारून टाकू' असे सुचवले, ते मी मानले नाही. स्कूटरच्या चासीचा पाइप पातळ असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारचा भाग कमकुवत होतो आणि तडा नेमका तिथूनच सुरू होतो. क्लॅम्पचे भोक कानशीने लांबट करून आणि खाली जाड वॉशर देऊन काम झाले. क्लॅम्पखाली रबराची पट्टी घातली नाही तर पाइपचा रंग खरवडून पावसाळ्यात गंज धरतो. ती पट्टीही खोक्यात नव्हती. स्कूटरचे साइड स्टँड काढावे लागले. किकची दांडी डाव्या बाहीला अडकते, म्हणजे बॅटरी उतरल्यावर किक मारण्याची सोय गेली. अक्काला तशीही किक मारता येत नाही, पण तिच्यासाठी ती मारू शकणारा वाटसरूही आता निरुपयोगी झाला.

खरे काम यापुढे सुरू झाले. बाजूच्या चाकांची उंची बाहीवरच्या खाचांनी कमीजास्त करता येते, पण ती किती ठेवावी याबद्दल सूचनापत्रकात एक अक्षरही नाही, आणि अख्ख्या गाडीचा स्वभाव तर याच एका गोष्टीवर ठरतो. बाजूची चाके खाली बसवली तर गाडी भक्कम वाटते, पण वजन त्यांच्यावर जाऊन मागचे चाक हलके होते. इंजिनाची ओढ आणि मागचा ब्रेक दोन्ही त्याच चाकावर असल्याने ओल्या रस्त्यावर ते जागीच फिरते आणि ब्रेक लावल्यावर घसरते. दोन्ही बाजूंची चाके उंचवट्यावर आणि मधले चाक खड्ड्यावर आले तर गाडी चक्क लटकते. उलट ती फार वर ठेवली तर गाडी एका कुशीवर कलून उभी राहते. अंदाजाने दोनदा चुकल्यावर घरातला वजनकाटा एका चाकाखाली ठेवला, बाकीच्या चाकांखाली त्याच जाडीच्या फळ्या दिल्या आणि अक्काला सीटवर बसवून एकेका चाकावरचा भार मोजला. पहिल्या जुळणीत बाजूच्या प्रत्येक चाकावर 41 किलो आणि मागच्या चाकावर जेमतेम 36 किलो भरले. दोन खाचा वर घेतल्यावर बाजूला प्रत्येकी 24 आणि मागे 70 किलो झाले. गाडीचे 107 किलो, किटचे 26 आणि अक्काचे 58 धरून ही वाटणी आहे. वजनदार माणसासाठी ती नव्याने जुळवावी लागेल. या तपासणीला अर्धा तास लागतो आणि ती केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तशीच गोष्ट चाकांच्या सरळपणाची. पुढच्या चाकापासून मागे दोन्ही बाजूंना सुतळी ताणून पाहिले तेव्हा उजवे चाक बोटभर बाहेर तोंड करून असल्याचे दिसले. तसेच चालवले असते तर टायर महिन्याभरात एका कडेने घासला गेला असता. आडव्या पाइपचा क्लॅम्प सैल करून ते सरळ करता आले.

आता चालवण्याविषयी. मी स्वतः चाळीस वर्षे दुचाकी चालवत आलो आहे आणि नेमक्या त्याच सवयीने मला पहिल्या दिवशी गल्लीतल्या कंपाउंडच्या भिंतीवर नेले. दुचाकी वळवताना आपण नकळत डावीकडे जायला डावी मूठ पुढे ढकलतो, गाडी त्या बाजूला कलते आणि वळते. ही गाडी कलतच नाही, त्यामुळे हँडल रिक्षासारखे थेट वळवावे लागते, आणि सवयीने उलट ढकलले की गाडी उलट दिशेला जाते. अक्काला हा त्रास अजिबात झाला नाही, कारण दोन चाकांची गाडी तिने कधी चालवलेलीच नाही. भिंतीजवळ माझी अवस्था पाहून ती म्हणाली, "अरे, तू सायकल विसर आणि मग बस."

कलत नसल्यामुळे वळणावरचा सगळा जोर बाहेरच्या चाकावर येतो. आमच्या गाडीत बाजूच्या चाकांमधले अंतर 90 सेंटीमीटर आहे. बसलेल्या माणसासह गुरुत्वमध्य 65 सेंटीमीटर उंचीवर आणि साठ टक्के वजन मागे असे धरले, तर दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 23 किलोमीटरच्या आसपास आतले चाक उचलले जाईल, असा कागदावरचा हिशेब येतो. पुढे एकच चाक असल्याने वळणात ब्रेक लावला की वजन पुढे सरकते आणि ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणून ब्रेक वळणाआधी लावायचा आणि वळण रिक्षाच्या वेगाने घ्यायचे. बाजूच्या चाकांना ब्रेक नाहीत, तेव्हा वाढलेले वजनही मूळच्या दोन ब्रेकांनाच थांबवावे लागते, याची जाणीव टाकाळ्याच्या उतारावर चांगली होते.

रस्त्याचा उतार हा दुसरा, कमी बोलला जाणारा त्रास. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो. दुचाकी त्यावर सरळ उभी राहते, ही गाडी मात्र रस्त्याबरोबर कलते आणि सतत डावीकडे ओढते. पहिल्या आठवड्यात अक्काचा उजवा खांदा दुखत होता. डाव्या चाकाची बाही एक खाच खाली घेतल्यावर ओढ बरीच कमी झाली. खड्ड्यांचे गणितही बदलते. दुचाकी दोन खड्ड्यांमधून वाट काढते, इथे तीन माग असल्याने एक चुकवला की दुसरा हमखास मिळतो. सर्वांत धोक्याची सवय म्हणजे थांबताना पाय खाली टेकवणे. बाजूचे चाक पायाच्या मागूनच येते आणि पाय त्याच्याखाली सापडू शकतो, त्यामुळे गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला देताना मी ही सूचना दोनदा देतो.

सहा महिन्यांत गाडी सुमारे 2,100 किलोमीटर चालली. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळले तेव्हा दोन सैल निघाले, त्यानंतर एकही नाही. बेअरिंगमध्ये कारखान्यातून आलेले ग्रीस नावापुरते होते, ते उघडून भरले. कोल्हापूरच्या पावसानंतर डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला गंज दिसू लागला आहे. मडगार्डमुळे मागचे इंडिकेटर बाजूने झाकले जातात हा या किटमधला मला सर्वांत गंभीर वाटलेला दोष आहे. मी जादा इंडिकेटर मडगार्डवरच बसवून घेतले, पण हे काम कारखान्याचे होते. गाडी मागे घेण्याची सोय ॲक्टिव्हाला नाही. चारचौघांना ती पायाने ढकलता येते, अक्काला येत नाही. त्यामुळे ती शाळेत गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावते. आमच्या साडेतीन फुटी फाटकातून मडगार्डसह गाडी दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून जाते, म्हणून विकत घेण्याआधी फाटक मोजावे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरफार परस्पर करता येत नाहीत, मात्र दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी केलेल्या रूपांतराला कायद्यात स्वतंत्र जागा आहे. या वाहनांसाठी कायद्यात असलेला 'इनव्हॅलिड कॅरेज' हा टोचणारा शब्द 2019 च्या दुरुस्तीने जाऊन 'अडॅप्टेड व्हेईकल' आला, हे बरे झाले. आरटीओत तपासणी करून नोंद घ्यावी, परवाना त्याच वर्गाचा असावा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. नोंद नसलेल्या बदलावरून अपघाताच्या दाव्यात वाद उभा राहू शकतो. विक्रेत्याने पावतीखेरीज कोणताही कागद दिला नव्हता; किटचा तपशील असलेले पत्र तीन फोननंतर आले.

ज्याच्या घरात पाना धरणारे कोणी आहे आणि ज्याला दोन रविवार देता येतील, त्याने हे किट जरूर घ्यावे. बोल्ट, ग्रीस, रबराची पट्टी आणि इंडिकेटर यांसाठी आणखी दीड हजार रुपये धरावेत. बाकीच्यांनी ते बसवून आणि भार मोजून देणारा कारागीर आधी शोधावा. आमच्या किटचे डावे मडगार्ड या आठवड्यात काढून उद्यमनगरात पावडर कोटिंगला दिले आहे, आणि तोवर अक्का चिखल उडवत शाळेत जाते आहे.