समुद्री माशांच्या भरलेल्या टाकीत दगड चिकटवायला: इपॉक्सी पुटी की सुपरग्लू जेल?

हात पाण्यात घालण्याआधी हीटर आणि पंपांचे प्लग काढा.

इपॉक्सी पुटीचे दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळा. मग पाचेक मिनिटांत काम उरकायचं. फट भरते, वजन पेलते, पण ओल्या दगडाला नीट चिकटत नाही. शिवाय जास्त वापरली की स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत बाहेर काढणारं यंत्र) फेसाने ओसंडतो.

जेल पाणी लागताच साय धरतं. नुसतं टेकवलं तर तुकडा सुटतो. दाबून थोडं फिरवलं की साय फाटून आतला ताजा गोंद दगडाला भिडतो. कोरलच्या छोट्या तुकड्यांना हेच बरं.

जड दगडाला दोन्ही लागतात: जेल, पुटी, पुन्हा जेल. काचेचा सांधा गळतोय? मग टाकी रिकामी करून जुनं सिलिकॉन खरवडावंच लागेल.