शाफ्टची लांबी आणि शाफ्टवरची लांबी

"माप तुमचंच होतं ना भाऊ? मग आता माझ्या नावाने कशाला ओरडता?"

विल्होळीजवळ हायवेवर माझ्या जीपच्या शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, क्रॉस (टोकाचा अधिक-चिन्हासारखा सांधा) फुटला, त्याच संध्याकाळी तो शाफ्ट बनवून देणाऱ्याच्या गाळ्यावर मला हे ऐकावं लागलं. आणि मी गप्प झालो, कारण माप खरंच माझं होतं. त्या माणसाने सगळा डाव याच एका गोष्टीवर मांडला होता, हे कळायला पुढे तीन आठवडे गेले. नाशकात जुन्या जीपांना दुसरं इंजिन बसवणारे हौशी कमी नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जीप वडिलांची, महिंद्राची, 1993 ची. निफाडच्या मळ्यात द्राक्षांचे क्रेट वाहून वाहून तिचं इंजिन थकलं, तेव्हा बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स टाकला. (इंजिन बदललं की आरसीवर नोंद लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओत घातलेल्या खेपा हा वेगळा विषय.) नवी जोडी जुनीपेक्षा लांब, म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागणार. त्यात मी हौसेने पाट्यांत एकेक पान जादा टाकून मागची उंची दोन इंच वाढवून ठेवलेली.

ओळखीतून एक नंबर मिळाला. अंबडला गाळा, बोलणं एकदम गोड. "गाडी आणायची गरजच नाही भाऊ. फ्लँज टू फ्लँज माप व्हॉट्सअ‍ॅपला टाका, जुना शाफ्ट आणून द्या, बाकी माझ्यावर सोडा." (फ्लँज म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडायची चपटी तबकडी.) नवी सीमलेस (बिनजोड) ट्यूब, चांगल्या कंपनीचे क्रॉस, बॅलन्सिंगसकट (फिरताना थरथरू नये म्हणून वजनाचा समतोल साधणं) साडेनऊ हजार. सहा हजार आगाऊ, तेही यूपीआयने भलत्याच नावाच्या खात्यावर. पक्कं बिल हवं तर जीएसटी वरून लागेल म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या. चार पैसे वाचवल्याचा आनंद मला नेमका इथेच झाला होता.

माप घ्यायला मी आणि भाचा. चासीखाली स्टँड लावले, मागची चाकं अधांतरी, हाउसिंग (मागच्या चाकांमधला धुरा) खाली लोंबतंय, आणि आम्ही टेप धरून आकडा काढला: 812 मिलिमीटर. तेवढाच आकडा पाठवला. त्याच्याकडून अंगठा आला. माप कुठून कुठपर्यंत घेतलं, गाडी चाकांवर उभी होती का, क्रॉसच्या कॅपचा (टोकावरच्या वाटीचा) व्यास किती, एका कॅपपासून समोरच्या कॅपपर्यंत अंतर किती, बोलेरोच्या फ्लँजची भोकं किती अंतरावर आहेत, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. मला वाटलं, अनुभवी माणूस आहे, त्याला सगळं ठाऊक असेल.

मग तारखा सुरू झाल्या. ट्यूब यायचीय, वेल्डर गावी गेलाय, शनिवारी लाइट नव्हती, शाफ्ट बॅलन्सिंगला पुण्याला पाठवलाय. पाचव्या आठवड्यात शाफ्ट मिळाला. काळाभोर, चकचकीत, दोन्ही टोकांना बॅलन्सिंगच्या चौकोनी टिकल्या वेल्ड केलेल्या. त्या टिकल्या पाहून मी इतका खूश झालो की उरलेले साडेतीन हजार तिथेच दिले. जुना शाफ्ट मागितला, तर टोकं काढून बाकी भंगारात गेला म्हणे.

पन्नासला गाडी थरथरायला लागली. सत्तरला आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसायचा. फोन केला तर म्हणे, "क्रॉस नवे आहेत, चार-पाचशे किलोमीटर चालवा, बसतील आपोआप." क्रॉस असे बसत नसतात, ते फक्त उठतात, हे मला विल्होळीला समजलं. हाउसिंगकडचा क्रॉस फुटला आणि शाफ्ट फरशीवर हातोडे मारल्यासारखा आपटत राहिला. मागचं टोक सुटलं हे नशीब. गिअरबॉक्सकडचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं असतं तर गाडीच उचलली गेली असती.

सातपूरला एक काका आहेत, चाळीस वर्षं लेथवर. त्यांच्याकडे शाफ्ट नेला. पहिला प्रश्न, "माप कसं घेतलंस?" सांगितलं. ते जीपखाली वाकले आणि हसले. "अरे, हाउसिंगकडे फ्लँज आहे कुठे? इथे योक आहे, यू-बोल्टवाला. फ्लँज टू फ्लँज म्हणजे तू नक्की कुठपर्यंत मोजलंस?" मी योकच्या, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याच्या, कडेपर्यंत मोजलं होतं. खरं माप फ्लँजच्या तोंडापासून योकमध्ये बसणाऱ्या क्रॉसच्या मध्यापर्यंत घ्यायचं, तेही सपाट जमिनीवर, चाकांवर नेहमीचं वजन असताना. हाउसिंग लोंबतं तेव्हा अंतरही बदलतं आणि कोनही. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तसं मोजलं. सगळा हिशेब जुळवून शाफ्टच्या लांबीत फरक निघाला 14 मिलिमीटर.

म्हणजे चूक माझीच, असं मी म्हणणार इतक्यात काकांनी शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवला. "चौदा मिलिमीटर स्लाइडिंगने, त्या आतबाहेर सरकणाऱ्या जोडाने, पोटात घेतले असते. ही बोंब वेगळी आहे." डायल गेज (वाकडेपणा मोजायचं घड्याळासारखं उपकरण) लावून शाफ्ट हाताने फिरवला, काटा 1.8 मिलिमीटर हलला. अर्ध्याच्या आत असेल तरच ते पुढचं बोलतात. माझ्या हाउसिंगचा रेशो 4.88, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.88 फेरे. ऐंशीच्या वेगाला हा शाफ्ट मिनिटाला जवळजवळ तीन हजार फेरे घेणार, तेही असा वाकडा. मग त्यांनी एका टोकाचा योक टेबलाशी समांतर केला. दुसऱ्या टोकाचा योक साध्या डोळ्यांना तिरका दिसत होता, दहा-बारा अंश तरी. दोन्ही योक एका रेषेत नसले की एका क्रॉसने वेगात आणलेला चढउतार दुसरा क्रॉस निस्तरत नाही, आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा धक्का बसतो.

आणि त्या टिकल्या! प्रत्येक टोकाला दोन, बरोबर समोरासमोर, सारख्या मापाच्या. काका म्हणाले, "मशीन टिकली जिथे हवी तिथे मागतं. इथे एकीचं वजन दुसरीने खाल्लंय. ही नुसती कुंकवाची टिकली आहे, शोभेची." बॅलन्सिंग मशीनवर तो शाफ्ट कधी चढलाच नव्हता.

शेवटी त्यांनी थिनरचा बोळा फिरवला. काळा रंग सुटला, त्याखाली राखाडी थर. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. बॉडीवाले पत्र्याचा पोचा बुजवायला भरतात ती लांबी. माझ्याकडून लांबी मागून घेतली आणि मला लांबी भरून दिली! खाली एक जुना पोचा, आणि मधोमध वेल्डिंगचं कडं. दोन वेगवेगळ्या शाफ्टचे तुकडे जोडलेले, एकाची जाडी दुसऱ्याशी जुळत नव्हती. क्रॉसचा डबा नामांकित कंपनीचा होता, फुटलेल्या क्रॉसच्या कॅपवर मात्र ना खूण ना नंबर.

रागाच्या भरात आम्ही सगळा रंग खरवडून टाकला, आणि तिथेच मी दुसऱ्यांदा मूर्ख ठरलो. आधी व्हिडिओ काढायला हवा होता. गाळ्यावर गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "हा माझा शाफ्टच नाही. तुम्ही कुठून तरी जोडून आणलात." व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे लेखी मेसेज तोवर त्याने पुसलेले होते. माझा 812 तेवढा उरला होता, पुरावा म्हणून, तोही त्याच्या बाजूचा.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा बिलच मागितलं. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि त्याचा एक व्हॉइस मेसेज, पुसायचा राहून गेलेला, ज्यात तो "नवी ट्यूब, बॅलन्सिंगसकट" असं स्वतःच्या तोंडाने म्हणतो. एवढ्या भांडवलावर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तो शाफ्ट गोणपाटात गुंडाळून मळ्यातल्या शेडमध्ये ठेवलाय.

नवा शाफ्ट काकांनी केला. आधी त्यांनी कागदावर चित्र काढलं, त्यावर प्रत्येक माप कुठून कुठपर्यंत हे बाण काढून दाखवलं, खाली मला सही करायला लावली आणि स्वतःही केली. बॅलन्सिंग जिथे केलं तिथली चिठ्ठी बिलाला टाचून दिली. टिकल्या दोनच, त्याही एकाच टोकाला आणि कशाही लावल्यासारख्या दिसणाऱ्या. शाफ्ट कोरा होता, नुसता तेलाचा हात फिरवलेला. रंगाचं विचारलं तर म्हणाले, "आधी पंधरा दिवस चालव, सगळीकडून नीट बघून घे. रंग काय, तूही मारशील."