हरणटोळाचा भाऊ की खारफुटीतला मांजऱ्या? निमविषारी साप पाळण्याआधी

असा साप घरी पाळावा का, याचं उत्तर भारतात राहणाऱ्यांसाठी सोपं आहे. आपला हरणटोळ किंवा मांजऱ्या पकडून घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. सर्पमित्राच्या ओळखीने मिळाला, जखमी होता, पिल्लू होतं, यातलं कुठलंही कारण चालत नाही. तेव्हा पुढचं सगळं ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या दुकानांत या सापांसमोर रेंगाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात, ते आधी बघा. ब्रिटनमध्ये मँग्रोव्ह स्नेकला, म्हणजे खारफुटीतल्या मांजऱ्याला, पूर्वी धोकादायक प्राण्यांचा परवाना लागायचा, २००७ मध्ये त्याला त्या यादीतून काढलं.

दुकानात सहसा दोन साप समोर येतात. एक एशियन वाईन स्नेक, म्हणजे आपल्या हरणटोळाचा आग्नेय आशियातला भाऊबंद. दुसरा मँग्रोव्ह स्नेक, मांजऱ्याच्या कुळातला, काळाकुळकुळीत अंगावर पिवळे पट्टे असलेला. दोघांचे विषदात जबड्याच्या मागच्या बाजूला, म्हणून यांना निमविषारी म्हणतात.

लोक पहिला प्रश्न विषाचा विचारतात. वाईन स्नेक चावला तर बहुधा थोडी सूज, वेदना, बधिरपणा, आणि काही दिवसांत सगळं ओसरतं. हरणटोळ झाडावरून उडी मारून टाळूला डसतो, हे कोकणात ऐकलेलं विसरून जा. मँग्रोव्ह स्नेकचं विष मुख्यतः पक्ष्यांसाठी घडलेलं आहे. २००६ मध्ये त्यातून डेनमोटॉक्सिन नावाचं प्रथिन शोधलं गेलं, ते उंदरापेक्षा पक्ष्याच्या स्नायूंवर कितीतरी पट जोरात चालतं. पण हा साप दोन मीटरच्या वर वाढतो, जबडा मोठा, आणि धरला की चावत राहतो. जितका वेळ चावेल तितकं विष जास्त. शिवाय ॲलर्जी कोणाला येईल ते सांगता येत नाही.

मागचे विषदात म्हणजे निर्धोक, असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. बूमस्लँग या मागचे विषदात असलेल्या आफ्रिकी सापाच्या दंशाने १९५७ मध्ये शिकागोचे कार्ल श्मिट गेले. १९७५ मध्ये जर्मनीचे रॉबर्ट मर्टेन्स गेले, तेही स्वतः पाळलेल्या आफ्रिकी ट्विग स्नेकमुळे. दोघेही जगातले नावाजलेले सर्पतज्ज्ञ. दुकानदार बूमस्लँग आणि ट्विग स्नेकलाही आपल्या या दोन सापांसारखेच म्हणत असेल तर तिथून निघा.

तरीही माझ्या मते निर्णय विषावर नाही, खाण्यावर ठरतो.

वाईन स्नेक मुळात पाली, सरडे, बेडूक खाणारा. गोठवलेला उंदीर वितळवून पुढे धरला तर बहुतेक वेळा तोंड फिरवतो. सरड्याचा वास लावून, चिमट्याने हलवून काही जण त्याला उंदरावर आणतात, पण त्याला महिने लागतात आणि तोवर साप वाळत जातो. जिवंत सरडे महाग, त्यातून परजीवी येतात. पाणीही तो भांड्यातून क्वचितच पितो, रोज पानांवर फवारा मारावा लागतो. काचेवर नाक घासून जखमा करून घेतो.

पण दिवसा जागा असणारा हा साप बघण्यात जे सुख आहे ते दुसरीकडे नाही. सरडा दिसला की मान आडवी होते, निमुळत्या तोंडातून जीभ बाहेर येते आणि तशीच ताठ राहते. किल्लीच्या भोकासारखी आडवी बाहुली, दोन्ही डोळे समोर रोखलेले. वाऱ्याने फांदी हलावी तसा डुलत तो इंच इंच पुढे सरकतो. चिडला की अंग फुगवतो, मग हिरव्या खवल्यांमधून काळी-पांढरी चौकट उमटते.

मँग्रोव्ह स्नेक निशाचर. दिवसभर फांदीवर वेटोळं. हात जवळ नेला की मान इंग्रजी ‘एस’सारखी वळते, तोंड उघडतं, आणि झडप येते. हाताळायचा साप हा नाही, साप उचलायच्या हुकशिवाय पिंजरा उघडू नये. बाजारात येणारे बरेचसे जंगलातून पकडलेले असतात, पोटात जंत घेऊन. मात्र एकदा रुळला, की कोंबडीच्या पिल्लाचा वास लावलेला उंदीर घेतो आणि पुढे साधा उंदीरही. वर्षानुवर्षं जगतो.

म्हणून साप पाळण्याचा बराच अनुभव असेल, घरात लहान मूल नसेल आणि कुलूप लागणारा, चार फूट उंच पिंजरा ठेवायला जागा असेल, तर मी मँग्रोव्ह स्नेक सुचवेन. कुलपाचं हलक्यात घेऊ नका. याच कुळातला ब्राऊन ट्री स्नेक दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून ग्वाम बेटावर पोचला आणि तिथले बहुतेक रानपक्षी संपले.

वाईन स्नेक मी फक्त त्यालाच सुचवेन ज्याला हात न लावता बघत बसायचं आहे आणि सरड्यांचा खात्रीचा पुरवठा आहे. पहिलाच साप असेल तर दोन्ही नकोत.

घ्यायचाच ठरला तर विक्रेत्याला विचारा, हा बंदिवासात जन्मलाय का, शेवटचं काय खाल्लं, कधी. मग तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. दोन्ही वेळा टाळाटाळ झाली तर पैसे खिशातच ठेवा, साप कितीही देखणा असो.