1936चं म्हणून माझ्या गळ्यात मारलेलं रीळ

जुन्या अमेरिकन एक्स्प्लॉयटेशन (निषिद्ध विषयांवरच्या सनसनाटी) सिनेमांची रिळं जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. 1934 नंतर हॉलिवूडमध्ये हेज कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची नियमावली, कडक झाली. स्टुडिओंना जे दाखवायची सोय उरली नाही, ते (नशा, गुप्तरोग, नग्नता) फिरते वितरक ‘समाजाला सावध करण्यासाठी’ म्हणत गावोगाव दाखवत. प्रिंट मोजक्याच. प्रत्येक राज्याच्या सेन्सॉरची कात्री वेगळी, गाव बदललं की सिनेमाचं नावही बदलायचं. ड्वेन एस्पर या वितरकाने ‘टेल युअर चिल्ड्रन’ हा गांजाची भीती घालणारा सिनेमा विकत घेऊन ‘रीफर मॅडनेस’ म्हणून फिरवला तो असाच. सिनेमे म्हणून बहुतेक टुकार. पण कुणाकडेच नसलेला एखादा तुकडा आपल्या रिळात निघेल, ही आशा सुटत नाही. विक्रेते हीच आशा हेरतात.

एका विक्रेत्याने मला ‘रीफर मॅडनेस’चं 35 मिमीचं एक रीळ ‘मूळ 1936चं, नायट्रेट, न कापलेलं’ म्हणून 600 डॉलरला विकलं. नायट्रेट म्हणजे सहज पेट घेणारी जुन्या काळची फिल्म. पुरावा म्हणून कडेवरच्या खुणेचा फोटो. कोडॅक फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा छापायची. त्यावरून फिल्म कोणत्या सालची ते कळतं. खूण 1936चीच होती. पण या खुणा दर 20 वर्षांनी पुन्हा येतात. 1936ची खूण तीच 1956ची, तीच 1976ची. हे त्याने लपवलं.

डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला. हा वास अ‍ॅसिटेट फिल्म कुजताना येतो, नायट्रेटला नाही. रीळ दिव्यासमोर धरलं, तर भोकांशेजारी ‘सेफ्टी’, म्हणजे सहज न पेटणारी अ‍ॅसिटेट फिल्म, असं छापलेलं. फोटोतून नेमका तेवढाच भाग वगळला होता!

1972 मध्ये गांजाबंदीविरोधी ‘नॉर्मल’ संघटनेच्या कीथ स्ट्रूप यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून या सिनेमाची प्रिंट 297 डॉलरला घेतली. मग कॉलेजांत तो हसण्यासाठी दाखवला जाऊ लागला. माझं रीळ त्या लाटेतलंच असणार. सिनेमा कॉपीराइटमुक्त आहे, इंटरनेटवर फुकट दिसतो. पैसे मोजायचे ते जुन्या फिल्मचे, आणि तीच खोटी. विक्रेत्याने ‘माल परत घेत नाही’ म्हणून हात वर केले.

पैसे देण्याआधी हातभर लांबीच्या सलग कडेचे फोटो मागा, दोन्ही बाजूंचे. नायट्रेट म्हणत असेल तर पाठवणार कसं, ते विचारा. तो धोकादायक माल आहे, साध्या पार्सलने येत नाही. माझं रीळ साध्याच पार्सलने आलं होतं. आणि तुकडा पेटवून खात्री करा असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. खरंच नायट्रेट निघालं, तर ते पाण्यातसुद्धा जळत राहतं.